‘छावा’ पाहिला, वाचला का?

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि फार दिवसांनी मराठी मध्यमवर्गीय घरे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकत्र चित्रपटगृहात गेली. खेळ संपून दिवे लागले तरी लोक जागचे हलेनात. कोणी डोळे पुसत होते, कोणी ‘हर हर महादेव’ची गर्जना करीत होते. आम्हीही त्यांतलेच होतो आणि आमचेही डोळे कोरडे नव्हते. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे जे लिहायचे आहे ते सर्वांनाच रुचेल असे नाही.

आमच्या मागच्या रांगेत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याने वडिलांना विचारले, “बाबा, म्हणजे शेवटी औरंगजेब जिंकला?” वडील म्हणाले, “चल लवकर, गाडी काढायला गर्दी होईल.”

हा प्रश्न घेऊनच आम्ही घरी आलो आणि शिवाजी सावंतांची १९७९ सालची ‘छावा’ कादंबरी पुन्हा काढली. पूर्वी वाचलेली होती. परंतु चित्रपट ताजा असताना ती वाचणे हा वेगळाच अनुभव ठरला. पडद्यावर शिवछत्रपतींच्या निधनाची वार्ता औरंगजेबाला कळते तेथून कथा सुरू होते आणि पाहता पाहता संगमेश्वरावर येऊन पोहोचते. मधली नऊ वर्षे म्हणजे जणू एकामागून एक लढायाच! कादंबरीला अशी घाई नाही. १६७८ च्या डिसेंबरात युवराज दिलेरखानाच्या गोटात गेले, हा शंभूचरित्रातील सर्वांत दाहक प्रसंग. सावंत त्याला टाळत नाहीत; चित्रपटाने आपला प्रारंभच असा निवडला की त्याला तो टाळता यावा. संस्कृतात ‘बुधभूषणम्’ रचणारा राजा, जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज यांच्याशी झुंजत असतानाच मोगलांचा महापूर अडवणारा सेनानी, यांना पडद्यावर फारशी जागा मिळालेली नाही. सिंहाशी झुंज मात्र आहे. विकी कौशल यांच्या अभिनयाविषयी आमची तक्रार नाही, आणि अक्षय खन्ना यांचा थकलेला, थंड औरंगजेब तर दीर्घकाळ लक्षात राहील. तक्रार आहे ती चित्रपटाने काय निवडले याविषयी.

चित्रपटावर तुटून पडलेल्या तथाकथित पुरोगामी समीक्षकांच्या पंगतीत आम्हाला कोणी बसवू नये. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी यांना ‘पिंगा’ घालताना पाहून समाजातून आक्षेप उठले, तेव्हा आम्हाला काय उपदेश झाला होता? ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेली ही कलाकृती आहे, इतिहास नव्हे, कलावंताच्या स्वातंत्र्याचा मान राखा. दहा वर्षांनी ‘छावा’ आला आणि याच मंडळींना एकाएकी अस्सल कागदपत्रांची तहान लागली! कलावंताचे स्वातंत्र्य हे पेशव्यांच्या अंतःपुरापुरतेच असते काय? आणि मराठी समाजाला असहिष्णु म्हणणाऱ्यांनी त्याच इनामदारांची ‘शहेनशहा’ एकदा वाचावी. औरंगजेबाला नायकपद देऊन त्याच्या अंतरंगात शिरू पाहणारी ही कादंबरी. ती आपल्याच घरांत, आपल्याच आईवडिलांनी वाचनालयातून आणून वाचली. कोणी तिची होळी केली नाही. शत्रूलाही समजून घेण्याचे धैर्य ज्या समाजाकडे होते, त्याला या शिकवण्यांची गरज नाही.

होते, असे म्हटले. आहे काय, हा प्रश्न मात्र आता आपल्याच अंगणातला आहे.

शंभूराजांची बदनामी कशी झाली आणि कशी पुसली गेली, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली तेव्हा शंभूराजांच्या बलिदानाला शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. शिवाय त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना शंभूराजांनी देहदंड दिला होता. अशा साधनांवर पुढे नाटके उभी राहिली, चित्रपट निघाले, आणि व्यसनी, स्त्रीलंपट संभाजी घरोघर पोहोचला. ही काजळी पुसली ती वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. दप्तरे धुंडाळत, कागद ताडून पाहत त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली आणि १९६० साली संभाजी महाराजांचे साधार चरित्र सिद्ध केले. पाठोपाठ डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. सावंतांची कादंबरी उभी आहे ती या पायावर, आणि चित्रपट उभा आहे तो कादंबरीवर. या इमारतीचा कळस पाहायला आपण रांगा लावल्या. पायाचे दगड आपल्या गावच्या वाचनालयात आहेत का, हे कोणी जाऊन पाहिले?

याच्या उलट उदाहरणही आहे. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्री उखडून मुठेत फेकण्यात आला. ‘राजसंन्यास’ या त्यांच्या अपुऱ्या नाटकातील संभाजी अन्यायकारक आहे, हे खरेच. पण गडकरी वारले १९१९ साली, बेंद्र्यांचे चरित्र येण्याच्या चाळीस वर्षे आधी. तेव्हा उपलब्ध असलेल्या साधनांचा दोष कवीच्या पुतळ्यावर काढून शंभूराजांची कोणती सेवा झाली? बेंद्र्यांनी कोणाचा पुतळा फोडला नाही. त्यांनी कागद वाचले.

चित्रपटालाच इतिहास मानले की काय घडते, त्याचा एक नमुना तर करुण म्हणावा की हास्यास्पद, ते ठरवता येत नाही. ‘छावा’त बुऱ्हाणपूरच्या लुटीचे दृश्य आहे. ते पाहून मध्य प्रदेशात असीरगडच्या पायथ्याची शेते लोकांनी रात्री विजेऱ्यांच्या उजेडात खणायला घेतली. मोगलांच्या सुवर्णमुद्रा सापडतील म्हणून! एका राजाच्या धर्मासाठी झालेल्या बलिदानातून या मंडळींनी घरी काय नेले? फावडे!

आपण हसू नये. आपणही चित्रपटगृहातून केवळ अश्रूच घरी नेले. गेल्या काही वर्षांत आपल्या बैठकींतून चित्रपटांच्या सामूहिक खेळांचे नियोजन फार उत्साहाने होते. तिकिटांचे गठ्ठे येतात, वाटले जातात, छायाचित्रे निघतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु त्याच वस्तीत एखाद्या ग्रंथाच्या दहा प्रती घरोघर फिरवण्याची योजना मांडली, तर ‘हल्ली वाचायला वेळ कोणाला आहे’ हे उत्तर येते, आणि ते देणारे बहुधा आपल्यापैकीच जुने, जबाबदार कार्यकर्ते असतात. आमच्या पिढीने मुलांना गोष्टी सांगितल्या नाहीत. त्यांना तिकिटे काढून दिली.

म्हणून त्या मुलाचा प्रश्न मनातून जात नाही. चित्रपट बलिदानाशी थांबतो. इतिहास तेथे थांबला नाही. ११ मार्च १६८९ रोजी शंभूराजांची हत्या झाली. महाराणी येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज रायगडाबाहेर पडले आणि पुढे जिंजीहून लढले. येसूबाई मागे राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला, तेव्हा बाल शाहूंसह त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. संताजी-धनाजींनी मोगली छावण्यांची झोप उडवली. राजारामांमागे ताराराणींनी झुंज पुढे चालवली. दक्षिण जिंकायला आलेला औरंगजेब पुन्हा दिल्ली पाहू शकला नाही. १७०७ साली अहिल्यानगरजवळ भिंगारला तो मेला, तेव्हा स्वराज्य जिवंत होते. आणि १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीला गेले, ते परतताना येसूबाईंना घेऊन आले. तब्बल तीस वर्षांनी!

या तीस वर्षांवर अजून कोणी मोठा चित्रपट काढलेला नाही. ती पुस्तकांत आहेत. त्या मुलाच्या वडिलांनी गाडी काढताना एवढे जरी त्याला सांगितले असते, तरी गर्दीत अडकलेली ती वीस मिनिटे पुरली असती.