रात्रपाळीवाल्याची सकाळ

नागपूरहून हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे जाणारे रस्ते जिथे फुटतात, त्या जाम चौरस्त्यावर सकाळी फिरायला निघालेली माणसे आणि रात्रपाळी संपवून परतणारे कामगार समोरासमोर येतात. मी अनेक वर्षे दुसऱ्या घोळक्यात होतो. ‘सकाळी फिरत जा’, असे डॉक्टर सांगत. पण दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याची सकाळ नेमकी कोणती?

सूतगिरणीत यंत्राच्या कडेने आठ तास येरझारा घालणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असे घरचेही म्हणत. पण ते चालणे यंत्राच्या मर्जीचे. त्याने पाय दुखतात, मन मोकळे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. त्यासाठी पहाटच हवी असे नाही. मी घड्याळ सोडले. आधी पुरती झोप, मग उठल्यावर झपझप चालणे. दुपारचे तीन वाजले असले तरी.

मात्र तो अर्धा तास उरायला हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, हे खरे. पण बारा तास काम, दोन तास जाणे-येणे, सात तास झोप. उरलेल्या तीन तासांत आंघोळ, जेवण, बाजार आणि मुलांचा अभ्यास. त्यात पहिली काट व्यायामालाच लागणार! कामगारांना व्यायामाचे महत्त्व सांगणाऱ्यांनी आधी पाळ्यांचा तक्ता वाचावा.