नैसर्गिक आहे हो, काही होत नाही!

हे वाक्य हल्ली रोज ऐकतो. सकाळी गोदाकाठी फिरायला गेलं की कुणीतरी कसलातरी काढा नाहीतर तेल सुचवतं आणि वर हे प्रमाणपत्र जोडतं. वाद नको म्हणून मी गप्प बसतो. पण याच समजुतीपायी माझ्या हातून एक चूक झालेली आहे, म्हणून आज लिहितोच.

नोकरीत असतानाची गोष्ट. पावसाळ्यात मैदानाभोवती गाजर गवत कंबरभर माजलं होतं. मी श्रमदान ठरवलं. एका मुलीनं विचारलं, "सर, हाताला काही बांधायचं का?" मी म्हणालो, "अगं, गवतच तर आहे!" दोन दिवसांनी ती वर्गात आली ती लाल, सुजलेले हात घेऊन. खाज थांबत नव्हती. तिनं तक्रार केली नाही, तेच मला जास्त लागलं.

मी मराठीचा मास्तर. या गवताबद्दल वाचायला बसलो ते त्यानंतर. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण १९५५ साली पुण्यात नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं हे खरंच, पण त्याच्याजवळ आणखी एक हत्यार आहे. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पावसाच्या पाण्याबरोबर आणि कुजणाऱ्या पाल्यातून ते मातीत उतरतं. त्यानं दुसऱ्या वनस्पतींच्या बिया नीट रुजत नाहीत, रुजल्याच तर मुळं खुरटतात. आणि तेच पार्थेनिन कित्येकांच्या कातडीवर उठतं. आता सांगा, यात कुठल्या कारखान्याचा हात आहे? शंभर टक्के नैसर्गिक!

गाजर गवताला एकट्याला दोष कशाला? आपल्या ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून तेलकट थेंब पाझरतात, ते आसपासच्या तणाला रोखतात. अक्रोडाजवळ लावलेला टोमॅटो सुकून जातो. हान्स मोलिश या शास्त्रज्ञानं १९३७ साली या प्रकाराला 'ॲलिलोपथी' असं नाव दिलं. झाडाला पळता येत नाही की ओरडता येत नाही. जागेसाठी, पाण्यासाठी ते रसायनानंच भांडतं. त्यात आपल्या भल्याचा विचार कुठून असणार?

आणखी एक गंमत. बागेत आपण हौसेनं लाल फुलांचा बॉटलब्रश लावतो. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. त्यातल्या लेप्टोस्पर्मोन या द्रव्याचा धागा धरून पुढे मेसोट्रायोन हे मक्यातलं तणनाशक तयार झालं. म्हणजे 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' अशा ज्या दोन जाती आपण पाडल्या, त्यांचं नातं असं घरातलंच निघालं!

यावर काही जण म्हणतील, मास्तर आता फवारणीची वकिली करायला लागले. मुळीच नाही. द्राक्षबागांच्या जिल्ह्यात आयुष्य गेलं आहे, फवाऱ्याचा वास मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की दोन्हीकडे प्रश्न तेच विचारा. द्रव्य कोणतं? किती? आणि कुणाच्या अंगावर पडणार? 'नैसर्गिक' हे त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

आजही मोकळ्या प्लॉटवर रोजंदारीच्या बाया उघड्या हातांनी गाजर गवत उपटताना दिसतात. बंगल्याच्या फाटकातून मालक सांगत असतो, "गवतच आहे, काही होत नाही." त्याला हसायचा मला अधिकार नाही, मीही तेच म्हणालो होतो. पण आता तरी त्यांना हातमोजे द्या, पूर्ण बाह्यांचा सदरा द्या, गवत फुलायच्या आधी उपटून घ्या. आणि तो ओला पाला आच्छादन म्हणून कुंडीत टाकू नका.

त्या मुलीची मी तेव्हा माफी मागितली नव्हती. मागायला हवी होती.