सूर्यास्ताला एक दिवस सुट्टी द्या

कॅमेरा हातात आला की माणसाला सूर्यास्त फार दिसू लागतात. एरवी जो वर्षानुवर्षे पश्चिमेची खिडकी लावून घेत आला, तोच सहलीला गेला की संध्याकाळी सहानंतर अस्वस्थ होतो. मुलांच्या हातातली भेळ अर्धी राहते आणि सगळे कुटुंब समुद्राकडे पाठ करून ओळीने उभे केले जाते. घरी येऊन फोटो पाहावा तर आकाश केशरी, पाणी सोनेरी आणि कुटुंब काळे! त्या पाच काळ्या आकृत्यांतली आत्या कोणती आणि मामी कोणती, हे पदरावरून ओळखायचे. यालाच हल्ली 'मूड' म्हणतात.

सूर्यास्ताशी माझे वैर नाही. पण प्रवासात आणि रस्त्यावर फोटो काढताना आपण प्रकाशाची वेळ ठरवतो ती आकाशाला विचारून. ती त्या जागेला, तिथे राबणाऱ्या माणसांना विचारून ठरवावी, असे मला दिवसेंदिवस ठामपणे वाटू लागले आहे.

वसईचेच घ्या. वसई रोड स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला 'होळी' म्हटले तर त्याला सण आठवत नाही. तो तुम्हाला वसई गावातल्या होळीला, बाजारापाशी आणून सोडतो. गळ्यात कॅमेरा असलेली मंडळी मात्र तिथे क्वचितच उतरतात. त्यांची रिक्षा थेट किल्ल्यात. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला, त्यातल्या छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती, दगडांत घुसलेली झाडांची मुळे आणि कमानीतून येणारे तिरपे ऊन. फोटो वाईट येणे कठीणच! लग्न ठरलेल्या जोडप्यांना झुळझुळीत झगे घालून इथे फिरवतात ते त्यासाठीच. 'कोल्डप्ले' या इंग्रजी वाद्यवृंदाच्या 2016 सालच्या 'हिम फॉर द वीकेंड' या गाण्याच्या चित्रफितीतही हा किल्ला आहे, आणि रंग उधळणारी मुलेही. रंग, धूर, साधू, सोनेरी ऊन. त्या चित्रफितीवर आपल्याकडे टीका झाली ती भारताचे तेच ते ठरावीक चित्र पुन्हा दाखवल्याबद्दल. टीका बरोबरच होती. पण आपल्या स्वतःच्या सहलीच्या फोटोंत तरी आपण दुसरे काय करतो?

आता होळीच्या बाजारात चला. मासळी घेऊन बसलेल्या बायकांच्या डोक्यावर निळे प्लॅस्टिक ताणलेले असते. त्यातून झिरपणारा उजेड निळा, त्यामुळे खाली चेहरे निळे, पापलेट निळे. पाट्यावर टांगलेला दिवा पिवळा. कॅमेऱ्याला या दोन उजेडांचा मेळ लावता येत नाही आणि हौशी फोटोग्राफर वैतागतो. विकणारी मात्र प्रकाशाच्या बाबतीत त्याच्यापेक्षा हुशार आहे. मासा कोणत्या उजेडात ताजा दिसतो हे तिला पक्के ठाऊक. आणि गिऱ्हाईक तिच्याहून वस्ताद. ते मासा उचलून प्लॅस्टिकच्या बाहेर, उघड्या उजेडात नेते आणि कल्ले पाहते. दिव्याखालच्या मूडवर पैसे मोजायला ते तयार नसते. छायाचित्रकाराने शिकवणी लावायची तर इथे लावावी. प्लॅस्टिकच्या कडेला, जिथे सावली संपते आणि ऊन सुरू व्हायला हातभर अंतर उरते, तिथला उजेड चेहऱ्यासाठी उत्तम. आपल्या जुन्या घरांच्या ओटीवर दुपारी जो उजेड असतो, तोच हा. आजी तांदूळ निवडायला तिथेच बसायची, कारण खडा तिथेच दिसतो.

मागे या बाजारात एक प्रसंग पाहिला. कॉलेजच्या वयाच्या एका मुलाने मासळीवाल्या मावशींचा फोटो काढला. मागे उन्हाचा झोत, टोपलीच्या कडेला चकाकी, मधे मावशींची काळी आकृती. कौतुकाने त्याने तो त्यांना दाखवला. मावशींनी पडदा जवळ धरला, लांब धरला आणि विचारले, "पोरा, यात मी कुठंय?" मुलगा हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी तीस-चाळीस वर्षे त्या जागी बसून कमावलेला चेहरा त्या फोटोत नव्हता; होती ती कुठल्याही कोळणीची सावली.

हा सगळा दोष त्या मुलाचा नाही, थोडा यंत्राचाही आहे. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक मुळात साधे असते. समोर जे दिसेल ते सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून ते हिशेब करते. मागे चकचकीत आकाश असले की ते घाबरून सगळे चित्र काळवंडून टाकते. फिल्मच्या काळात तर आपल्या वर्णावर आणखी एक अन्याय होता. अमेरिकेत कोडॅकच्या रंगीत छपाईचे प्रमाण ठरवण्यासाठी गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असलेले कार्ड वापरत. त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. तिची कांती ठीक आली की सगळे ठीक! सावळ्या माणसांच्या तक्रारींनी फारसे हलले नाही. चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांनी, आमच्या मालाचे रंग नीट येत नाहीत अशी कुरकुर केली तेव्हा फिल्म सुधारण्याला जोर आला. आज फोनमधले 'ब्यूटी' बटण उलट्या वाटेने तिथेच पोचते. काळी आकृती नको असेल तर गोरी करून देतो, म्हणते. सावळा चेहरा सावळाच, पण उजळ आणि स्पष्ट काढायचा, हे कौशल्य अजून माणसाच्याच हातात आहे. त्यासाठी फोनच्या पडद्यावर आकाशाला नव्हे, चेहऱ्याला बोट लावायचे. एवढेच.

परदेशी पुस्तकांवर विसंबून राहणे हाही आपला जुना रोग. 'सोनेरी तास' हा शब्द तिकडचा. लंडनला जूनमध्ये सूर्य मावळल्यावरही पाऊण तास कामापुरता उजेड असतो, कारण तिथे सूर्य तिरपा उतरतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली बुडी मारतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत कारभार आटोपतो. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कधी येत नाही, हेही असेच एक पुस्तकी वाक्य. वसईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो! त्या मुक्कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो नेमका डोक्यावर येतो, तेव्हा सावली पायाखाली शोधावी लागते.

दुपारचे ऊन फोटोला वाईट, असे सगळे सांगतात. ते बोंबलांना विचारा. पाचूबंदर-किल्लाबंदरला दोरांवर टांगलेले बोंबील सुकतात ते याच निर्दय उन्हात. वसईच्या खाडीकडेचे मीठ पिकते तेही याच उन्हात. त्या कामाचा खरा मूड डोळे दिपवणारा, घाम काढणारा, सावली न देणारा असा आहे. तिथे संध्याकाळी जाऊन केशरी फोटो काढणे म्हणजे दिवसभराच्या श्रमावर गुलाबपाणी शिंपडणे. डोक्यावर पदर ओढून, डोळे बारीक करून बोंबील उलटणारी बाई त्या क्षणी जशी दिसते तशी दिसू दे. सावल्या कडक येतील. येऊ देत.

पावसाळ्यात तर बहुतेक कॅमेरे कपाटात जातात. खरे म्हणजे ढगाळ आभाळासारखी चेहऱ्यांची कदर करणारा दिवा नाही. रघुवीर सिंह यांचे 1967 सालचे बिहारमधल्या मुंगेरचे छायाचित्र आठवा. पावसात सापडलेल्या, एकमेकींना बिलगून उभ्या भिजलेल्या बायका. त्यात ना सूर्य, ना सोने. पण ओल अंगाला लागते. मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे टिपणाऱ्या सुधारक ओलवे यांनी तर रंगच बाजूला ठेवले. त्या कृष्णधवल चित्रांत काळोख भरपूर आहे, पण तो सजावटीचा नाही. माणसे ज्यात उतरतात तो काळोख आहे. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अंधार वापरू नये असे मी म्हणतच नाही. भर उजेडातल्या बाजाराला फोनवर काळपट छटा देऊन तिथल्या हसऱ्या बायकांना दुःखी करणे मात्र मला खोटेपणा वाटतो. त्यांचे दुःख आपण कशाला ठरवायचे?

पुढच्या फाल्गुन पौर्णिमेला वसईच्या एखाद्या कोळीवाड्यात जाण्याचा योग आला तर एक करून पाहा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच पूर्वेला वर येतो; मग होळी पेटते आणि झाडून सारे कॅमेरे ज्वाळेकडे वळतात. ज्वाळा दरवर्षी सारखीच येते. तुम्ही होळीकडे पाठ करा. फ्लॅश बंद ठेवा, फोन त्या तांबूस उजेडाला पांढरे करू पाहील, ते करू देऊ नका. समोर नव्या साड्या नेसून, मुलांना कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायका असतील, टोपी सरळ करणारे म्हातारे असतील. आधी नजरेने विचारा. मग त्या उजेडात त्यांचे चेहरे टिपा, आणि दुसऱ्या दिवशी छापून प्रती नेऊन द्या. बघतील, आणि कोण कोण आले आहे ते नावे घेऊन एकमेकींना सांगतील.