शुल्कमुक्त बाटली आणि औषधांचा डबा

सणासुदीला शिरवळवरून जाणाऱ्या महामार्गाने घरी परतणाऱ्या कुटुंबांच्या सामानात कधी कधी मद्याची बाटलीही असते. एखाद्या मुलाने ती दुबईहून येताना विमानतळावर वडिलांसाठी घेतलेली असते, तर कुणी गोव्याच्या सहलीत स्वस्त मिळाली म्हणून आणलेली असते. दोन्हींमागे मायाच असते. परंतु कायदा या दोन बाटल्यांकडे एकाच दृष्टीने पाहत नाही.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशास २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्क न भरता आणता येते. अधिक असल्यास लाल मार्गिकेत जाऊन ते जाहीर करावे आणि शुल्क भरावे. गोव्याची गोष्ट निराळी आहे. तेथील अबकारी शुल्क कमी, म्हणून किंमत कमी; पण महाराष्ट्राचे शुल्क त्या बाटलीवर भरलेले नसते. दुकानाची पावती म्हणजे येथे मद्य आणण्याचा परवाना नव्हे. विनापरवाना बाटली सापडल्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा नोंदला जातो आणि वाहनही जप्त होऊ शकते. वारंवार अशी वाहतूक करणाऱ्यांवर मकोका लावण्याचा इशारा २०२२ मध्ये तत्कालीन उत्पादन शुल्क मंत्री, पाटणचे आमदार शंभूराज देसाई यांनी दिला होता. तेव्हा ज्येष्ठांनी गोव्याला निघालेल्या नातवंडांना अशी फर्माईश करू नये, हे उत्तम.

याच कायद्यात ‘आरोग्य परवाना’ अशी तरतूद आहे. आरोग्याच्या जतनासाठी मद्य, हा त्यातील शब्दप्रयोग जुन्या काळाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की आरोग्यास निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. शुल्कमाफी सरकारी तिजोरीपुरती असते; शरीराकडून तशी माफी मिळत नाही.

आता थोडे गणित करू. ४० टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटर पेयात सुमारे साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असते. २ लिटरमध्ये असे ६६ पेग होतात. वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, म्हणून तेवढ्याच पेगचा अंमल चाळिशीपेक्षा सत्तरीत अधिक चढतो.

त्यात औषधांची भर पडते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना, विशेषतः उपाशीपोटी मद्य घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. झोपेच्या गोळीसोबत श्वास मंदावण्याचा आणि रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाची भीती असते. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीही नित्य पिणाऱ्याच्या यकृताला बाधू शकते.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना विनंती, की बाटली घरात आलीच, तर ती उघडण्यापूर्वी औषधांची संपूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा आणि मद्याविषयी संकोच न करता विचारा. वडील अनेक वर्षे रोज घेत असतील, तर रागाच्या भरात ते एकाएकी बंद करू नका. अशाने कंप, भ्रम, क्वचित झटकेही येतात. ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावे. आणि परदेशातील मुलांनो, पुढच्या खेपेस वडिलांसाठी काय आणावे, हे निघण्यापूर्वी आईला फोन करून विचारा. त्यांच्या गोळ्यांचा डबा तीच भरत असते.