दुकान आहे, पण पाटी कोठे?



मागील वर्षीच्या हिवाळ्यात दिमोना येथे मसाल्यांचे व फराळाचे दुकान चालविणाऱ्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. "सर, मुलाने दुकानाची वेबसाइट करून दिली त्याला दोन वर्षं झाली. पण गूगलवर ती सापडतच नाही. तुम्ही एकदा बघाल का?" एका आस्थापनेने 'तुम्हांस पहिल्या क्रमांकावर आणतो' असे लेखी आश्वासन देऊन सहा महिने त्यांच्याकडून पैसे घेतले होते. संकेतस्थळावरून ऑर्डर मात्र एकही आली नव्हती. दुकानाचे भाडे थकले होते. उन्हाळ्यापूर्वी दुकान बंद करावे की काय, या विवंचनेत त्या होत्या.

अध्यापन विद्यालयात आम्हांस शिकविलेले एक सूत्र म्हणजे 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. तेव्हा ग्रंथालयापासून प्रारंभ करू. ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाचे नाव व विषय कार्डावर नोंदवून ठेवतो. ज्या पुस्तकाचे कार्ड नाही, ते कपाटात असूनही वाचकाच्या लेखी नसल्यासारखेच. गूगल किंवा बिंग हे शोधयंत्र अशाच ग्रंथपालाचे काम करते. ते दुव्यांवरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते, वाचलेल्या पानांची सूची करते आणि कोणी विचारले असता त्या सूचीतून उपयुक्त वाटतील ती पाने क्रमाने पुढे ठेवते.

म्हणून पहिला प्रश्न, आपले कार्ड आहे काय? गूगलच्या चौकटीत रोमन लिपीत 'साइट' हा शब्द, त्यापुढे दोन टिंबांचे विसर्गासारखे चिन्ह आणि जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. नोंदलेली पाने समोर येतात. आम्ही लिहून पाहिले. एकही पान आले नाही. शोध घेता कारण उमगले. 'वर्डप्रेस' या साधनात, शोधयंत्रांनी या स्थळाची नोंद घेऊ नये, अशी विनंती करणारी एक चौकट असते. काम अपुरे असताना मुलाने त्या चौकटीत खूण केली आणि पुढे ती काढावयाची राहून गेली! सहा महिने पैसे घेणाऱ्यांनी ती चौकट उघडून पाहिली नव्हती. आम्ही खूण काढली आणि गूगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य सेवेत पानांची यादी सादर केली.

कार्ड तर झाले. पण त्यावर लिहावे काय? प्रत्येक पानाचे शीर्षक एकच होते, 'दफ हा-बायित', म्हणजे मुख्य पान. जगातील असंख्य पानांचे हेच शीर्षक असेल! पदार्थांची यादी एका मोठ्या छायाचित्रात छापलेली होती. छायाचित्र डोळ्यांना सुखावते, परंतु शोधयंत्रासाठी मजकूर अक्षरांतच लिहिलेला असावा. आम्ही प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र पान दिले, शीर्षकात पदार्थाचे व गावाचे नाव घातले आणि छायाचित्राखाली त्याचे वर्णन लिहिले. बहुतेक लोक भ्रमणध्वनीवरच शोध घेतात, म्हणून जड छायाचित्रे हलकी केली.

येथे एक मौज सांगितली पाहिजे. नेहमीच्या हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नसतात. त्यामुळे 'मलिदा' लिहिला की तीच अक्षरे 'मिलेदा', म्हणजे 'जन्मापासून', अशीही वाचता येतात. पोहे, नारळ व फळांचे ताट मागणाऱ्यास शोधयंत्राने जन्मजात व्याधींची माहिती पुढे केली, तर दोष कोणाचा? म्हणून आम्ही 'भारतीय मलिदा, पोहे व नारळाचा' असे सविस्तर लिहिले. ग्राहक ज्या शब्दांनी विचारील, तेच शब्द वाक्यात सहजपणे आले पाहिजेत. मात्र एकच शब्द वीस वेळा घोकू नये. ते शोधयंत्रास रुचत नाही आणि वाचकासही नाही. पानाच्या पोटात लपवून ठेवावयाच्या 'कीवर्ड'च्या यादीकडे आपण क्रमवारीसाठी पाहत नाही, असे तर गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे.

त्यानंतर गूगलच्या नकाशावर दुकानाची विनामूल्य नोंद केली. नाव, पत्ता व दूरध्वनी सर्वत्र एकसारखे लिहिले. शुक्रवारी दुकान केव्हा बंद होते, शब्बाथ व सणांच्या दिवशी काय, हेही नमूद केले. जुन्या ग्राहकांना प्रामाणिक अभिप्राय लिहिण्याची विनंती केली; त्यासाठी लाडूचे आमिष दाखविले नाही.

राहता राहिले ते लेखी आश्वासन. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. त्या आस्थापनेने केले ते इतकेच की, कोठल्या कोठल्या पानांवर विकतचे दुवे लावले. दुवा म्हणजे एका पानाने दुसऱ्याविषयी दिलेली साक्ष. विकतच्या साक्षीला शोधयंत्र मान देत नाही. 2012 पासून तर अशा स्थळांना मागे ढकलण्याची व्यवस्थाच गूगलने केली. ते दुवे आम्ही काढून टाकावयास लावले.

फळ लगेच मिळत नाही. काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात. 'भारतीय मसाले' एवढेच विचारले, तर मोठी दुकाने अजूनही पुढे असतात. परंतु रोश हाशानाच्या आधी हैफाहून एका अपरिचित बाईंचा दूरध्वनी आला. "आई गेल्यापासून आमच्या घरी चिकाचा हलवा झाला नाही. आज सहज ते नाव हिब्रूत लिहिलं, तर तुमचं दुकान आलं." ऑर्डर दोन किलोची होती. तशा आणखी काही आल्या. थकलेले भाडे अजून पुरते फिटलेले नाही. पण दुकान उघडे आहे.

ज्यांचा लहानसा व्यवसाय आहे, त्यांना एक गृहपाठ देतो. आज रात्री आपल्या दुकानाचे नाव न लिहिता, अनोळखी ग्राहक विचारील त्या शब्दांत आपला माल शोधून पाहावा. आपण कोठेच आढळला नाहीत, तर पैसे देण्यापूर्वी ती एक चौकट अवश्य तपासावी.