अजगराचा जामीनदार

गेल्या मे महिन्यात माझ्याकडे एक अर्ज आला. निवृत्त माणसाकडे अर्ज येण्याचं तसं काही कारण नसतं. पण हा अर्ज घरचाच होता. फुलस्केप कागद, डावीकडे समास सोडलेला, उजवीकडे तारीख आणि मधोमध ‘विषय : आपल्या मुळशीच्या घरी साप पाळण्यास परवानगी मिळणेबाबत’. खाली ‘आपला आज्ञाधारक’ म्हणून माझ्या बारा वर्षांच्या नातवाची सही. अर्ज कसा लिहावा हे मीच त्याला एका सुट्टीत शिकवलं होतं. आपलीच विद्या अशी आपल्यावर उलटते.

सोबत यादी जोडलेली होती. काचेची पेटी, तिला घट्ट बसणारं झाकण आणि कडी, तळाशी पसरायला नारळाच्या काथ्याचा भुसा, ऊब देणारी विजेची गादी, तापमान राखणारं यंत्र, दोन थर्मामीटर, लपायला दोन खोपटी, पाण्याचं पसरट भांडं. आणि सर्वांत शेवटी, ‘साप, नग एक’. साप शेवटी होता हे मला आवडलं. चौतीस वर्षं बँकेत काढली. कर्ज मागायला येणारे पुष्कळ जण आधी गाडीचा रंग सांगत असत.

मुलगा आणि सून पुण्यात फ्लॅटमध्ये राहतात. तिथल्या सोसायटीत कुत्र्यावरूनच दर सभेला खडाजंगी होते, तेव्हा सापाचा विषय काढण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोघं मात्र पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या वाटेवर, चार खोल्यांचं घर बांधून राहिलो आहोत. मुलं शनिवार-रविवारी येतात. म्हणजे साप नातवाचा, पण सोमवार ते शुक्रवार आमचा.

सौभाग्यवतींनी अर्ज वाचून एकच शेरा मारला. “घरात साप शिरला की सर्पमित्राला फोन करायचा, आणि हा पैसे मोजून साप आणणार!” शेरा बिनतोड होता. मुळशीत साप पाळावे लागत नाहीत. पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरलं की ते आपणहून येतात. भातखाचरांच्या बांधावर धामण, विहिरीत दिवड, दगडांच्या गडग्यात नाग, वाळल्या पाल्यात घोणस. आमच्या सरपणाच्या ढिगाऱ्यात या तालुक्यातल्या सापांची निम्मी हजेरी लागून गेली असेल.

पण अर्ज न वाचता फेटाळायचा नाही, ही माझी जुनी शिस्त. म्हणून छाननी सुरू केली.

पहिला प्रश्न अर्थातच, कोणता साप? बांधावरची धामण धरून बरणीत ठेवावी असं आमच्या लहानपणी कुणालाही वाटलं असतं. आता तसं करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातले साप पकडणं आणि बाळगणं हा गुन्हा ठरवला आहे, मग तो नाग असो की बिनविषारी धामण. श्रावणात दारी येणारा गारुडी त्यामुळेच दिसेनासा झाला. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघत असे. २००२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिलाही लगाम बसला. काहींना हे रुचलं नाही. मला मात्र गारुड्याच्या टोपलीतला नाग आठवतो. दात उपटलेले, तहानेने अर्धमेला. आम्ही मुलं त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवून हात जोडायचो. सापाला दूध पचत नाही. घशाला कोरड पडली की तो समोर येईल ते पितो, एवढंच. आमच्या भक्तीचा त्या जनावराला काय उपयोग झाला, हे त्यालाच ठाऊक.

नातवाचा अभ्यास माझ्यापेक्षा पुढे होता. त्याला हवा होता बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बिनविषारी अजगर फार तर चार-पाच फुटांचा. घाबरला की अंगाचं वेटोळं करून डोकं आत लपवतो आणि चेंडूसारखा होतो, म्हणून हे नाव. जगभर पहिल्यांदा साप पाळणारे बहुधा यालाच पसंती देतात. स्वभाव गरीब, चावण्यापेक्षा लपण्याकडे कल.

परदेशी आहे म्हणजे कायदा लागू नाही, असा समज बरीच वर्षं होता. तो आता खरा नाही. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ कराराच्या याद्यांत असलेला परदेशी प्राणी ज्याच्याजवळ आहे, त्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंद करायची. दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, तरी कळवायचं. बॉल पायथन या यादीत आहे. त्याआधी जून २०२० मध्ये सरकारने सहा महिन्यांची सवलत दिली होती : जवळ असलेला परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. हे वाचताना मला १९९७ ची ती काळा पैसा जाहीर करण्याची योजना आठवली. तेव्हा लोकांनी गाद्यांखालच्या नोटा बाहेर काढल्या; या वेळी न्हाणीघरातली कासवं आणि कपाटातले अजगर निघाले असावेत.

ही नोंदणी म्हणजे सरकारी कटकट, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. जून २०२५ मध्ये थायलंडहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप सापडले. असे प्रकार मुंबईच्या आणि चेन्नईच्या विमानतळांवर वारंवार उघडकीस आले आहेत. बॅगेत कोंबलेल्या या जिवांपैकी किती वाटेतच मरत असतील, याचा हिशेब कोण ठेवणार? दुकानदार ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर आपण घेतोय तो साप अशाच एखाद्या बॅगेतून आलेला असू शकतो. तारणाची कागदपत्रं ‘नंतर’ देणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे मी नोकरीत पुरेसं पाहिलं आहे.

नातवाला मी सांगितलं, “पेटी आण. साप नको. महिनाभर रिकामी पेटी चालवून दाखव.”

हा माझा बँकेतला खवचटपणा नव्हे. जाणकारही हेच सांगतात की घर आधी सिद्ध करावं आणि मगच साप आणावा. या अजगराला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंशांची ऊब लागते आणि दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपासचा गारवा. त्याचं रक्त स्वतः तापत नाही. अन्न पचवायचं असेल तर तो उबेकडे सरकतो, नको झालं की गारव्याकडे. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी, नाहीतर भीतीने तो एकाच कोपऱ्यात बसून राहतो. हवेत दमटपणा हवा, पण ओल नको. रोज सकाळ-संध्याकाळ तपमान पाहून वहीत लिहायचं, असं ठरलं. वहीला रकाने मी आखून दिले. शेवटचा रकाना ‘शेरा’.

पहिले दोन आठवडे नातवाचा रोज फोन. “आबा, किती आहे?” मी आकडे सांगायचो, तो तिकडे स्वतःच्या वहीत लिहायचा. मग शाळा सुरू झाली, फुटबॉल सुरू झाला. एकदा सलग नऊ दिवस फोन आला नाही. वही माझ्याच अक्षरात भरत राहिली.

आणि एका रात्री मुळशीतला खरा पाऊस आला. वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रात्री दोन वाजता मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर दोन्ही थर्मामीटर २३ वर. मी उठलो, गॅसवर पाणी तापवलं, गुडघे शेकायच्या रबरी पिशवीत भरलं आणि ती पिशवी पेटीत ठेवली. मागून आवाज आला, “अहो, पेटी रिकामी आहे ना?”

होती. पण मी तिथे उभा राहिलो आणि मला कळलं की साप आला तर दर पावसाळ्यात अशा किती रात्री येतील आणि त्या रात्री उठणार कोण. फ्लॅटमधला नातू नक्कीच नाही.

जेवणाची बाब वेगळीच. या पाहुण्याला उंदीर लागतात. मोठ्या सापाला दहा-पंधरा दिवसांतून एक. जिवंत उंदीर सोडू नये. तो सापालाच चावून जखमी करतो. गोठवलेला आणायचा आणि उबदार करून चिमट्याने द्यायचा. आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ओल्या नारळाचा चव असतो. त्याच्या शेजारी उंदीर ठेवायचा, ही कल्पना घरातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तत्काळ फेटाळली. नातवाने युक्तिवाद केला, “आजी, गणपतीजवळ उंदीर पण असतो आणि पोटाला साप पण असतो.” आजी म्हणाली, “हो, पण त्याच्या घरी तो सापाला उंदीर खायला घालत नाही.” शिवाय हा अजगर मनात आलं की महिनोन्‌महिने खातच नाही. तो निरोगी असतो, पाळणाऱ्याची मात्र झोप उडते.

मग मी आयुर्मानाचा रकाना पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. नीट सांभाळला तर हा साप वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी आहे, तिला १९६१ साली कुणा खासगी मालकाने तिथे आणून दिलं. जुलै २०२० मध्ये, वयाच्या साठीनंतर, तिने सात अंडी घातली. पंधरा वर्षांहून जास्त काळ नर जवळ नसताना. मला त्या अंड्यांपेक्षा त्या मालकाचं कुतूहल वाटलं. त्याने मोठ्या हौसेने साप आणला असेल आणि कधीतरी तो सांभाळणं कठीण झालं असेल. ती तिथे पोहोचली त्या वर्षी मी चालायला शिकत होतो.

तीस वर्षांचं कर्ज पासष्टीच्या माणसाला कुठलीही बँक देत नाही. दिलंच, तर जामीनदार मागते. मी अर्जावर लाल शाईने लिहिलं : ‘जामीनदार कोण?’

हा प्रश्न केवळ माझ्या वयाचा नाही. नातू अठराचा होईल, शिकायला बाहेर जाईल, तेव्हा साप सहा वर्षांचा, म्हणजे ऐन तारुण्यात. नको झालेल्या पाळीव सापाचं काय होतं ते फ्लोरिडाने पाहिलं. निसटलेले आणि सोडून दिलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत वाढले आणि तिथले रकूनसारखे प्राणी जवळजवळ दिसेनासे झाले. बॉल पायथन मुळशीच्या पावसात तगणार नाही, तो बिचारा कुठल्या तरी ओढ्याकाठी मरेल. पण ‘निसर्गात सोडून दिला’ असं म्हणत ताम्हिणीच्या घाटात गाडी थांबवणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. तो दुष्ट नसतो. फक्त त्याला पहिल्या दिवशी कुणी जामीनदार विचारलेला नसतो.

मग एका रविवारी आम्ही कात्रजला गेलो. १९८० साली नीलिमकुमार खैरे पुण्यात काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास राहिले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, शहरात दुसरा विषय नव्हता. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान झालं, त्यामागेही तेच. नातू काचेला नाक लावून अजगरापुढे बराच वेळ उभा होता. अजगर हलला नाही. “कंटाळा नाही आला?” मी विचारलं. “तो श्वास घेतोय आबा, बघा ना,” तो म्हणाला. खरंच, नीट पाहिल्यावर कातडी किंचित वरखाली होताना दिसत होती. मी इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती.

परतताना मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच सांगितली नव्हती. मी कोकणातल्या एका शाखेत नवा अधिकारी असताना जुन्या व्हाउचरांच्या खोलीत साप निघाला. काळसर अंगावर पांढरे पट्टे. शिपायाने माझ्याकडे पाहिलं. “मण्यार आहे, मार,” मी म्हणालो. त्याने मारला. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकातल्या चित्रावरून कळलं की तो कवड्या होता. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं उलट. तो बिनविषारी बापडा पाली खायला आला होता. नातू काही बोलला नाही. चांदणी चौकापर्यंत आम्ही गप्प होतो.

साप पाळण्याची हौस विकृत आहे असं मला वाटत नाही. भीतीपेक्षा ती केव्हाही बरी. पण ज्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली, तिथे ही हौस जपून बोलावी लागते. आमचे शेजारी भात लावायला अनवाणी चिखलात उतरतात. त्यांनी पेटीची किंमत विचारली, तेव्हा मी निम्मी सांगितली.

हे शेजारी ऑगस्टमध्ये एकदा काठी घेऊन आमच्या सरपणाकडे आले. धामण होती, चांगली सहा फुटांची. नातू धावत गेला, “काका, मारू नका! बिनविषारी आहे, उंदीर खाते!” ते हसले. “आरं, मारतोय कशाला? आमच्याच बांधावरची हाय ती. कुत्र्यानं धरू ने म्हणून वाटंला लावतोय.” काठीने त्यांनी ढिगाऱ्याच्या एका बाजूला हलकेच ठोकलं आणि धामण दुसऱ्या बाजूने खाचरात उतरली. नातवाने घरात येऊन वहीच्या ‘शेरा’ रकान्यात तारीख, वेळ आणि धामणीची लांबी लिहिली. तापमान लिहायला विसरला.

अर्ज अजून निकाली निघालेला नाही. सप्टेंबरात त्याने जामीनदाराचा रकाना भरून दिला. वडिलांनी नकार दिला होता, आईने हात जोडले होते. म्हणून त्याने सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं आणि कंसात कारण दिलं : ‘घरात सर्वांत जास्त वर्षं तीच उरणार आहे.’ हिशेबात चूक काढता येत नाही. तिची सही मात्र झालेली नाही. ती पेटीजवळ यायला तयार नाही. रिकामी आहे असं सांगूनसुद्धा.