पोरांच्या डोक्यावरचं ओझं

मानेवाड्यातल्या एका बाईंनी गेल्या महिन्यात मला काकुळतीनं विचारलं, "भाऊ, पोरगा जिमला जातो म्हणते. उंची तर नाही खुंटणार ना त्याची?" पोरगा १३ वर्षांचा. आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची लेक, वयानं त्या पोराएवढीच, पाण्याचा २० लिटरचा कॅन कमरेवर घेऊन जिना चढत आली. २० लिटर म्हणजे २० किलो. तिच्या उंचीची चौकशी त्यांनी केली नाही. मीही केली नाही. त्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितो आहे.

त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००८ साली आणि पुन्हा २०२० साली सांगितलं, की जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली वजनाचा व्यायाम केल्यानं मुलांची वाढ खुंटत नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या नाजूक पट्ट्या असतात, त्यांना इजा होऊ शकते हे खरं. पण ती होते चुकीच्या पद्धतीनं, झेपेल त्याहून जास्त वजन उचलल्यानं, शेजारी कुणी नसल्यानं. आधी नुसती काठी, मग रिकामा दांडा, पद्धत अंगात मुरली की थोडं वजन, आणि मधे विश्रांतीचे दिवस. आपल्या आखाड्यातला वस्तादही नवख्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी जड मुद्गल देत नसे. महिनोन् महिने जोर-बैठकाच काढून घेई.

मावळातल्या वडगावची हर्षदा गरुड अशाच शिस्तीत वाढली. २०२२ च्या मे महिन्यात ग्रीसमध्ये तिनं ४५ किलो गटात एकूण १५३ किलो वजन उचललं आणि वेटलिफ्टिंगच्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय ठरली. तिच्यामागे गावातली व्यायामशाळा होती, शिकवणारे गुरू होते.

आपण आपल्या पोरांना असा गुरू देतो का? शिक्षणहक्क कायदा २००९ चा. प्रत्येक शाळेला मैदान हवं, सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ का होईना निदेशक हवा, असं त्यात लिहिलेलं आहे. आणि आपण मैदानावर वर्गखोल्या बांधतो, पीटीचा तास गणिताला देतो. मग पोरगं गल्लीतल्या जिममध्ये जातं, आरशासमोर दोस्ताशी पैज लावून पाठ वाकवून वजन ओढतं, कुणीतरी दिलेला पावडरचा डबा घरी आणतं. पाठ धरली की दोष लोखंडाला.

आता शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांकडे बघा. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि ती अख्ख्या कुटुंबाला मिळते, म्हणजे पोराचे हात हिशेबात धरलेलेच असतात. कच्ची वीट अडीच-तीन किलोची. चार विटा डोक्यावर म्हणजे दहा-बारा किलो, दिवसभर, उन्हात, अर्धपोटी. नाजूक हाडं त्या पोरालाही आहेत. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये असा कायदा आहे, पण २०१६ च्या दुरुस्तीनं शाळेनंतर घरच्या कामात 'मदत' करायची मुभा ठेवली. आपल्या इमारती त्याच विटांनी उभ्या राहतात. ज्या वयात वजन हा खेळ असावा, त्या वयात गरिबाच्या लेकराला आपण त्याचं ओझं करून दिलं, आणि काळजी तेवढी आपल्या घरातल्या पोरासाठी राखून ठेवली. हा अडाणीपणा नव्हे. हे आपल्याला दिसतं, आणि तरी चालतं.

परवा त्या बाईंकडे गेलो. पोराला पाठवा, म्हटलं, पण शिकवणारा पाहून पाठवा. मग त्या मुलीचं विचारलं. ती कॅन ठेवून दाराशी उभी होती, तळवे परकराला पुसत.

"तिला सवय आहे, भाऊ," त्या म्हणाल्या.